दावणमळ्याची नवी पाटी

अगं, फोन कानाजवळ धर जरा. नुसतं 'हं, हं' करू नकोस, नीट ऐक. काष्टीहून फोन करतेस आणि मावशीलाच विचारतेस, "लेकीच्या लग्नाची पत्रिका पाठवायची, पत्ता काय लिहू? दावणमळा की ते नवीन?" शोभतं का तुला?

लग्न होऊन मी इथं आले तेव्हा नगर पार अलीकडंच संपायचं. इथं सासऱ्यांची ज्वारी, एक विहीर, आणि विहिरीशेजारी लांबलचक दावण, म्हणजे जनावरं ओळीनं बांधायचा जाड दोर. घोडेगावच्या बाजारात बैल घेतले की श्रीगोंद्याकडची, तुमच्या काष्टीकडची माणसं चालत परत निघायची आणि आमच्या इथं मुक्काम करायची. म्हणून दावणमळा. कुणी बसून ठरवलं नव्हतं, पाटी तर नव्हतीच.

तेव्हा एक रीत होती बघ. सौदा झाला की विकणारा घेणाऱ्याच्या कानात बैलाचं नाव सांगायचा. घरी नेल्यावर खुशाल दुसरं ठेवा, पण वाटेत जुन्याच नावानं हाक मारायची, नाहीतर जनावर बिथरतं. संध्याकाळी विहिरीवर नुसता गलका, 'चल रे सरदार', 'थांब रे पाखऱ्या'. मी आपली घागर घेऊन ऐकत उभी. सासूबाई आतून ओरडायच्या, "अगं, बैलांची नावं पाठ करून कुनाच्या बारशाला जायचंय?"

मग बैल टेम्पोतून जायला लागले. मुक्काम कशाला करतील? ज्वारी गेली, प्लॉट पडले, बंगले उठले. नाव तेवढं राहिलं.

परवा सोसायटीची बैठक झाली. नाव बदलायचं म्हणे. काय, तर 'निसर्गछाया पार्क'. मी उठून म्हटलं, "छाया कशाची? झाड तर एक न्हाई." हसले सगळे. पण शेजारची सून उभी राहिली. "काकू, मुलीला बघायला आले की विचारतात, तुम्ही दावणीला राहता का? आम्ही काय गुरं आहोत?" तिची लेक तिथंच बसली होती, खाली मान घालून. मी आपली खाली बसले.

पलीकडच्या गल्लीतले एक चाचाही बैठकीला होते. त्यांचे वडील घोडेगावहून जनावरं आणायचे, आमच्याच विहिरीवर थांबायचे. म्हटलं, हे तरी माझ्या बाजूनं बोलतील. तर म्हणतात कसे, "भाभी, बदलू द्या. पोरांची घरं हायेत आता."

मी भडकलेच. "चाचा, तुमचे वडील इथलं पानी प्याले, अन् तुमी असं बोलता?"

"पुरतं ऐका तरी. नवं नाव ठेवा, पर वाटेत जुन्यानंच हाक मारा. पाटीवर खाली दोन-चार वर्सं दावणमळा राहू द्या. येकदम बदललं तर रिक्षावाला बिथरंल."

हशा झाला आणि तसंच ठरलं. शेजारची सूनही 'चालेल' म्हणाली.

पण माझा जीव काही थाऱ्यावर नाही गं. दोन-चार वर्षं म्हणजे किती? आणि मग? चहा टाकते, तो उतू जातो. वाती वळायला बसते, परत उठते, कोपऱ्यावर जाऊन येते. तिथं रंगारी पाटी रंगवतोय. वरचं नाव हातभर, खालचं मुंगीएवढं. म्हटलं, "बाबा, जरा मोठं काढ की." तर म्हणतो, "आजी, जागाच तेवढी सोडलीय."

तर ऐक. पत्रिका टपालानं पाठवूच नकोस, स्वतः घेऊन ये. स्टँडवर उतरलीस की बिनधास्त दावणमळा म्हण, आज तरी एकही रिक्षावाला दुसऱ्यांदा विचारणार नाही. सवड काढ आणि ये बाई, ह्याच आठवड्यात ये.