गोदामातलं रान

माझा स्वभाव चिडका आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तो जागोजागी डोकावणारच.

त्या वर्षी मी कडा गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सोसायटीचं गोदाम लांबरुंद, पत्र्याचं, आणि फरशीत मुरलेल्या खताच्या वासाचं. एरवी मृगाच्या तोंडावर तिथं पोत्यांच्या थप्प्या छताला टेकायच्या. पण सलग दुसरं वर्ष पावसाविना गेलं होतं. पेरणीच नाही तर खत कोण उचलणार, आणि उचलणार नाही तर मागवणार कोण? गोदाम रिकामं होतं आणि त्याची किल्ली माझ्या खिशात होती.

सोसायटीच्या समोर मिस्तरींचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळायचं काम. त्यांचंही दुकान रिकामंच. मोटार जळायला आधी विहिरीत पाणी लागतं. आम्ही दोघं समोरासमोर हातावर हात धरून बसायचो. सकाळी मी त्यांच्याकडं चहाला जायचो, दुपारी ते माझ्याकडं यायचे.

पुण्याला रद्दीच्या दुकानात मला एक विलायती मासिक सापडलं होतं. त्यात एका मोठ्या टेबलाचं चित्र होतं. टेबलावर डोंगर, ओढे, झाडं, वाडी-वस्ती, आणि बोटाच्या पेराएवढे शेकडो सैनिक. भोवती कोटातले पोक्त गृहस्थ वाकून उभे. डिक्शनरी घेऊन मी तो लेख वाचून काढला. ही माणसं जुन्या लढाया अशा मांडून पुन्हा लढतात. फासे टाकतात, टेप लावून पलटणी पुढं सरकवतात, आणि जो इतिहासात हरला तो इथं जिंकू शकतो का ते बघतात.

मिस्तरींनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "मोठाले बाप्ये हायत की हे," म्हणाले. "ह्यांच्याकडं बी पाऊस न्हाई का काय?"

पण तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर शिशाचा एक घोडा आणून ठेवला. जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून, मातीच्या साच्यात ओतलेला. पाय तीनच होते. चौथा साच्यातच राहिला होता. मी त्या घोड्याकडं बघत राहिलो आणि त्या वर्षी पहिल्यांदा मला काहीतरी करावंसं वाटलं.

लढाई कोणती, यावर वाद झाला नाही. खर्डा आमच्यापासून फार लांब नाही. निजामाची फौज आणि मराठ्यांची फौज तिथं भिडली होती, आणि निजामाच्या फौजेचे शेवटी पाण्यावाचून हाल झाले असं म्हणतात. महिनाभर मिस्तरी शिशाचे घोडे आणि सैनिक ओतत राहिले. ते मुसलमान, म्हणून वाटणी करताना मी न विचारताच निजामाचा ढीग त्यांच्यापुढं सरकवला.

"हे कावून?" मिस्तरींनी विचारलं.

मी जीभ चावली.

"आमचा खापरपणजा मराठ्यांच्या घोड्यांना नाल ठोकत व्हता," ते शांतपणे म्हणाले. "मी घोडदळ घेनार. निजाम तुमी व्हा." असा मी निजाम झालो. मला ते लागलंच, पण चूक माझी होती.

सैनिक उभा राहायचा तर त्याला खाली काहीतरी लागतं. मिस्तरींकडं वायसरांची, म्हणजे बोल्टाखाली घालायच्या लोखंडी चकत्यांची, गोणी पडली होती. एकेका वायसरवर एकेक सैनिक चिकटवला. त्याला आम्ही पाट म्हणायचो. सैनिक पाटावर बसला, म्हणजे तयार झाला. नुसतं लोखंड दिसू नये म्हणून पाटावर जमीन करायची असते. मासिकात सगळ्या पाटांवर हिरवंगार गवत होतं, म्हणून मीही सुताराकडचा भुस्सा आणून हिरवा रंगवला आणि साठ सैनिकांच्या पायाखाली चिकटवला. दोन दिवस मान मोडून केलेलं काम.

मिस्तरी पोट धरून हसले. "सेक्रेटरी, हे कोनचं गाव? लढाई फाल्गुनात झाली म्हनता. फाल्गुनात इतकं हिरवं तुमी कुटं पाह्यलंय?"

मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. संध्याकाळी चाकू घेऊन साठच्या साठ पाट खरवडले. मग मुरूम आणला, कुटला आणि तीन चाळण्यांतून काढला. जाड खडे डोंगराला, मधला ओढ्याकाठी, आणि बारीक पाटांवर. तिसरी चाळणी घरातली रव्याची होती. ते बायकोला कळलं तेव्हा जे झालं ते सोडून देऊ. काळी माती गमात कालवून लावली तर वाळल्यावर तडकायची आणि तिचे पापुद्रे निघायचे. त्यावर तोड मिस्तरींना सापडली. हॉटेलातला चहाचा चोथा उन्हात वाळवायचा आणि गमावर भुरभुरायचा. इतकी हुबेहूब काळी जमीन मी पुन्हा कुठं पाहिली नाही. हॉटेलवाल्याला आमची शंका यायला लागली होती.

गोदामाच्या मधोमध विटा रचून त्यावर फळ्या टाकल्या. विटांच्या तुकड्यांवर गोणपाट पसरून, प्लास्टरमध्ये भिजवून डोंगर उठवले. पाणी टँकरचं, घरटी मोजून मिळणारं. म्हणून प्लास्टर कालवलं ते भांडी विसळलेल्या पाण्यात. तुरीची धसकटं उलटी रोवली की मुळ्यांच्या फांद्या होतात, त्यांची झाडं केली. ओढ्यात वॉर्निशचे सात हात दिले. चाल मोजायला पहिल्यांदा वीत धरली, पण मिस्तरींची वीत माझ्या दीडपट निघाली आणि करून बघताना त्यांचं घोडदळ पहिल्याच चालीत माझ्या तंबूत आलं. मग सायकलचा एक आरा कापून दोघांनी तोच वापरायचा ठरवला.

हे सगळं पुरं व्हायला मृग उजाडला. आणि त्याच आठवड्यात तालुक्याहून विचारणा आली की पाऊस पडला की खत पाठवायचं आहे, गोदाम तयार आहे ना? मी तयार आहे असं कळवून टाकलं. म्हणजे पहिला पाऊस, मग ट्रक, आणि ट्रक आला की आमचं टेबल मोडायचं. ते उचलून नेण्यासारखं नव्हतं. विटा, प्लास्टर आणि फळ्या सगळं एकजीव झालं होतं. चार महिने खपून उभं केलं, आणि त्यावर अजून एकही लढाई झाली नव्हती. मिस्तरींनी हिशेब केला. रोज दुपारी बसलो तरी पुरी लढाई खेळायला आठ दिवस लागणार होते.

सोसायटीच्या ओट्यावर रोज तात्या येऊन बसायचे. तात्या आमच्या सोसायटीचे जुने संचालक. वय झालेलं, बोलणं कमी. त्यांचे बैल चारा छावणीत होते, रान नांगरून तयार होतं. त्या दिवशी ते डोळ्यांवर हात धरून पश्चिमेकडं बघत होते. तिकडं थोडे ढग होते. मी खुर्चीत बसून तेच ढग बघत होतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आठ दिवस थांबला तर बरं होईल."

तात्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गावात टँकरभोवती भांडणं होत होती आणि सोसायटीचा सेक्रेटरी पाऊस लांबवायला निघाला होता.

"घरी लगीन हाय का?" तात्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "भाच्याचं."

"मंग बरुबर हाय," तात्या म्हणाले. "मांडव भिजला की लई हाल होत्यात." आणि पुन्हा ढगांकडं बघायला लागले.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते, हे मी लपवणार नाही. दुपारी गोदामाचं दार लोटून घ्यायचं आणि आम्ही दोघं त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात उतरायचो. आम्ही तहानेचाही एक नियम केला होता. ज्या पलटणीला तीन चालींत ओढा गाठता आला नाही, तिचे दोन सैनिक उचलायचे. मिस्तरींनी घोडदळ थेट ओढ्यावर नेऊन बसवलं आणि माझा निजाम आठव्या दिवशी वाळून गेला. मी फासे भिरकावले. मिस्तरींनी ते शोधून आणून डबीत ठेवले आणि म्हणाले, "आता येऊ द्या पावसाला."

पाऊस आला नाही. पश्चिमेचे ढग निघून गेले. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. ट्रक आला नाही. आम्ही दुसरा डाव मांडला, पण त्यात जीव लागेना. एक दिवस तात्यांनी विचारलं, "लगीन झालं का नीट?"

"झालं."

"पाव्हन्यांना पानी पुरलं का?"

"टँकर मागवला होता," मी म्हणालो. एकदा सुरू केलेलं खोटं मला थांबवता येत नव्हतं.

आषाढात मिस्तरींनी दुकानाला कुलूप लावलं. पुण्याकडं त्यांच्या भाच्याचं गॅरेज होतं, तिथं काम मिळणार होतं. स्टँडवर मी त्यांना मनातलं सांगून टाकलं. मी आठ दिवस मागितले आणि अख्खा पावसाळा गेला, मला रात्रंदिवस तेच दिसतं, असं म्हणालो.

"खुळे हाव का सेक्रेटरी," मिस्तरी म्हणाले. "ढगाला काय तुमचा अर्ज गेलता व्हय?"

मी हसलो. पण गाडी गेल्यावर परत येऊन गोदाम उघडलं आणि उंबऱ्यातच थांबलो. दुसऱ्या डावात पुढची चाल मिस्तरींची होती. आता गोदाम माझं होतं, टेबल माझं होतं, हवा तेवढा वेळ होता, आणि टेबलाच्या पलीकडं कोणी नव्हतं. मी दार ओढून घेतलं. त्यानंतर बरेच दिवस तिकडं गेलो नाही.

भाद्रपदात मिस्तरींचं कार्ड आलं. ते चाल कळवतील असं मला वाटत होतं. कार्डावर चाल नव्हती. "हिकडं काम हाय पर करमत न्हाई. पाऊस झाला की कळवा, मोटारी सुरू झाल्या की मी आलोच. डाव मोडू नका," एवढंच होतं.

दोन्ही एकदम होणार नव्हतं. पाऊस झाला तर खत येणार, खत आलं तर डाव मोडणार. मी ते कार्ड दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. ढग माझा अर्ज वाचत नाहीत, हे मलाही कळत होतं. तरी त्या वर्षात एकदा तरी मला पावसाच्या बाजूनं काहीतरी करायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सैनिक पेटीत भरले, हातोडा घेतला आणि गोदामाची दोन्ही दारं सताड उघडली. आभाळ स्वच्छ होतं. कुठं ढगाचा ठिपका नव्हता.

दार उघडं दिसलं म्हणून तात्या आत आले. टेबल पाहून जागीच थांबले.

"तात्या," मी म्हणालो, "लग्न नव्हतं. हे होतं. ह्याच्यासाठी मी आठ दिवस मागितले होते."

त्यांनी मला शिवी द्यावी असं मला फार वाटत होतं. ते टेबलाभोवती हळूहळू एक फेरा फिरले. डोंगर पाहिला, झाडं पाहिली. मग काळ्या रानापाशी वाकले. चहाच्या चोथ्यात मी जुन्या फणीनं नांगराची तासं ओढली होती, वरून खाली, सरळ.

"ही तासं उभी मारलीत," तात्या म्हणाले. "उतारावर आडवी मारायची असत्यात. अशानं पानी थांबंल का?"

"आता मोडायचंच आहे, तात्या."

"मोडायचं तर हाय. पर चुकीचं कावून मोडायचं?"

त्यांनी अंगठ्याचं नख लावलं आणि उताराला आडवं एक तास ओढलं. मग त्याच्या खाली दुसरं, मग तिसरं. रेघ सरळ येत होती. ते वीतभर रान पुरं होईपर्यंत मी हातोडा खाली धरून उभा राहिलो. त्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या रानात पेरणीला चाड्यावर मूठ धरलेली नव्हती.

शेवटचं तास बांधापर्यंत नेऊन ते सरळ झाले आणि हात धोतराला पुसला.

"हां," म्हणाले. "आता मोडा."