पहिल्या रांगेतल्या काकू

इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून काकूंची निम्मी हयात गेली होती. दुकान छोटं, गिऱ्हाईक भरपूर. उजवा खांदा आखडला, कंबर धरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गोळ्या किती दिवस खाणार? योगासनं सुरू करा."

काकूंनी ते मनावर घेतलं. नवऱ्याने मात्र थट्टेवारी नेलं. "या वयात? हातपाय मोडून घेशील. आणि सकाळचा चहा कोण करणार?"

"ज्याला प्यायचाय तो," काकू म्हणाल्या आणि मुलाची जुनी ट्रॅकपँट नाडीने आवळून घराबाहेर पडल्या.

औषधाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई छडीसारख्या सडपातळ, बाकीच्या बायकाही सरावलेल्या. एका पायावर उभं राहायची वेळ आली. काकूंनी पाऊल उचललं, हात वर नेले आणि शेजारणीला घेऊनच आडव्या झाल्या. अख्खा हॉल खिदळला. काकूंचे कान तापले.

वर्ग सुटल्यावर बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. संध्याकाळी खुर्चीवरचा वर्ग असतो, आजी-आजोबांचा. तुम्हाला तोच झेपेल."

"बसायचंच असतं तर घरी काय खुर्च्या नव्हत्या?"

"पण पुन्हा पडलात-बिडलात तर?"

"पडले तर उठेन. आज माझी मीच उठले ना? त्या शेजारच्या बाईंनाही मीच उठवलं."

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचा कोपरा सोडून त्यांनी थेट पहिल्या रांगेत, बाईंच्या नाकासमोर चटई टाकली. मागे कुजबुज झाली. काकूंनी मान वळवली. "हसायचं तर आत्ताच हसून घ्या. नंतर श्वास रोखायचा असतो."

त्या दिवशीही त्या पडल्या. त्यानंतरही कितीदा तरी. "आज कोणाला पाडलंस?" नवरा दारातच विचारायचा. काकू थेट आंघोळीला जायच्या. एकदा तर खांदा इतका ठणकला, की इस्त्री उचलवेना. मुलगा म्हणाला, "आई, सोड ना हा नाद."

क्षणभर त्यांना सोडावंसं वाटलंही. डोळे भरून आले. मग इस्त्री डाव्या हातात घेत त्या म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांसाठी हा खांदा झिजला, तेव्हा कोणी नाद म्हणालं नाही. आता त्याच्यासाठी काही करतेय, तर नाद?"

त्या जातच राहिल्या. हळूहळू खांदा सैल पडला. वरच्या फळीवरचे गठ्ठे त्या आता स्वतःच काढतात. वाकल्यावर बोटं मात्र गुडघ्यांच्या जरा खालीच अडकतात. पोट मध्ये येतं. एका पायावर उभं राहण्याचं तर अजून काही खरं नाही.

"काकू, भिंत धरा," बाई म्हणायच्या.

"भिंत काय माझ्याबरोबर दुकानात येणारे?"

हल्ली बाईंनी सांगणंच सोडलंय. काकू हॉलच्या मधोमध पाऊल उचलतात. कधी टिकतात, कधी धाडकन आदळतात, आणि उठून पुन्हा तोच पाय उचलतात.