कफीलच्या मजलिसमधलं धुराडं

सौदीतल्या अल खर्ज शहराबाहेर माझ्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर मी काम करत होतो त्या मालकाचं, जुनं फार्महाउस होतं. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, धुराड्याची शेकोटी. थंडीत पाहुणे आले की तिच्याभोवती बसून कॉफी पीत. त्या वर्षी वरच्या खोलीत झोपणाऱ्या त्याच्या म्हाताऱ्या आईचं डोकं रोज सकाळी दुखायला लागलं. मी छतावर चढून धुराड्यात दिवा सोडला. आतले मातीचे पाइप तडकले होते. धूर भिंतीतून तिच्या खोलीत झिरपत होता.

रत्नागिरीहून येऊन मला मेंटेनन्सचा फोरमन म्हणून सोळा वर्षं झाली होती. आता त्या जागेवर सौदी माणूसच हवा, असा नियम आला. नवा सुपरवायझर रुजू झाला होता आणि माझा एक्झिट, म्हणजे कायमचा परतीचा व्हिसा, लागला होता. हे माझं शेवटचं काम.

"खालून सिमेंट मार आणि खलास कर," कफील म्हणाला. "गुरुवारी पाहुणे आहेत."

"सिमेंट आगीनं पुन्हा फुटेल. एखाद्या सकाळी अम्मा उठायच्याच नाहीत."

सोळा वर्षांत मी त्याच्यासमोर असं बोललो नव्हतो. त्यानं नव्याकडे पाहिलं. नवा माणूस खरं बोलला, "मला यातलं कळत नाही. हा म्हणतो तसं करू."

तीन दिवस लागले. काजळी खरवडून काढली. वरून स्टीलचा अखंड पाइप सोडला, शेकोटीशी त्याचा सांधा घट्ट बसवला, भोवतीच्या पोकळीत उष्णता अडवणारं मिश्रण भरलं. प्रत्येक पायरी नव्याला समजावली. आपली जागा आपणच दुसऱ्याला शिकवून द्यायची होती. शेवटी शेकोटीत ओला चारा पेटवून दाट धूर केला आणि आम्ही दोघं वरच्या खोलीत दार लावून बसलो. वास आला नाही.

तपासणीच्या कागदावर सही नव्याची. गुरुवारी पाहुण्यांसमोर कफीलनं त्याची पाठ थोपटली. नव्यानं दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मागाहून बाहेर येऊन म्हणाला, "मी सांगायला हवं होतं."

"दरवर्षी थंडीआधी साफ करून घे," एवढंच मी म्हणालो.

दोन दिवसांनी मोलकरीण खजुरांचा डबा घेऊन आली. "अम्मांचं डोकं दुखायचं थांबलंय. हे त्यांनी नव्या इंजिनिअरसाठी दिलंय. पोचवाल ना?"

मी डबा त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. एक खजूरही उचलला नाही.

रत्नागिरीला घरी पोचलो तेव्हा बायकोनं विचारलं, "निघताना कफील काय म्हणाले ओ?"

"यल्ला म्हणाले. चला, निघा," मी सांगितलं, आणि हात धुवायला गेलो.