कोर्टाने आणलेली बस

मोतीलाल आबांनी सरकारवर खटला भरला तेव्हा गावाला वाटले, आबांना ऊन लागले. धुळ्याची बस फाट्यावर सोडी. पुढे गावापर्यंतचा रस्ता मंजूर होता, फक्त जमिनीवर उतरला नव्हता.

लेकीने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या पायाने माहेरी यायचे नाही, न्यायला कोणीतरी जायचे, ही आमच्याकडची रीत. आबा दरवर्षी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून सुनंदाला आणत. फाट्यावर बैलगाडी उभी असे.

सत्त्याऐंशी साली औरंगाबादच्या खंडपीठात याचिका दाखल झाली. वकिलाने तीत एक वाक्य घातले : रस्त्याअभावी अर्जदाराच्या मुलीला माहेरी येता येत नाही. वाक्यावर वकील खूश होता. न्यायमूर्तींनाही लेकी असतात. आबांनी शपथेवर सही केली आणि त्या वर्षापासून सुनंदाला आणायचे बंद केले. शपथ खोटी पडू नये म्हणून. वकिलालाही इतके अपेक्षित नव्हते.

तारखा पडत राहिल्या. सरकारी वकील मुदत मागत, ती मिळे. आखाजीला आबांची बायको तानुबाई लेकीसाठी लिंबाला झोका बांधी.

"पोरले लेवाले जा ना," ती म्हणे.

"शपथवर लिखेल शे."

"कोर्ट काय झोका देखाले येस का?"

 आबा नवी तारीख सांगत.

तिसऱ्या पावसाळ्यात तानुबाई गेली. निरोप मिळताच सुनंदा फाट्यापासून चिखल तुडवत आली. आई तिला दिसली, बोलली नाही. याचिकेतले वाक्य एव्हाना पुरते खरे झाले होते.

त्यानंतर चार महिन्यांनी निकाल लागला. आबा जिंकले. कोर्टाच्या धाकाने रस्ता झाला, बस आली, सरपंचाने नारळ फोडला. पुढच्या आखाजीला आबा त्याच बसने निघाले. कंडक्टरला आवर्जून सांगितले, "पोरले लेवाले जास. उद्या येतांना दोन तिकिटं."

भुसावळला सुनंदाने चहा केला. ती आता कॉलनीची मराठी बोलत होती.

"बस दारपावत येस, बेटा," आबा म्हणाले.

"मी बसची वाट पाहत नव्हते, आबा."

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टर तोच होता. त्याने दोन तिकिटे फाडायला घेतली.

"एकच दे," आबा म्हणाले.