चार बोटं जास्त

ट्राममध्ये कुणाला चुकून पाय लागला की काका लगेच वाकायचे. समोरच्याच्या कोटाच्या कडेला हात लावायचे आणि तोच हात स्वतःच्या छातीला टेकवायचे. ड्रेस्डेनमध्ये तीस वर्षं काढली, पण ही सवय काही गेली नाही. एकदा एका जर्मन आजींना वाटलं, यांचं काहीतरी खाली पडलंय. त्या बिचाऱ्या दोन स्टॉप होईपर्यंत सीटखाली शोधत होत्या, आणि काकाही त्यांना मदत म्हणून शोधत होते.

काका आमच्या विद्यापीठाच्या वास्तुकला विभागात लाकडी मॉडेलं करायचे. मी चिंचवडहून आलेला मेकॅनिकल इंजिनिअर, त्याच वर्कशॉपमध्ये फळ्या कापायच्या मशीनवर. त्यांना तीस वर्षं झालेली, मला सहा महिने.

प्राचीन ग्रीक-रोमन नाट्यगृहं हा त्यांचा खास विषय. डोंगरउतारावर अर्धगोल पायऱ्या, खाली रंगमंच; अशी अकरा नाट्यगृहं त्यांनी हातभर लाकडात उभी केली होती. साधं स्टूल केलं तरी त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "आल्झो, बसून बघू." आल्झो म्हणजे जर्मनमध्ये 'चला तर'. नाट्यगृहाच्या मॉडेलमध्ये बसता येत नसे, म्हणून ते टेबलाला हनुवटी टेकवून रंगमंचाच्या बाजूने वर पाहत राहत. खरं नाट्यगृह मात्र त्यांनी एकही पाहिलेलं नव्हतं. दर सुट्टीत भारतात कुणाचं तरी लग्न नाहीतर कुणाचं तरी आजारपण निघायचं.

सप्टेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. त्याच महिन्यात प्रोफेसर बाई मोजणीसाठी तुर्कस्तानातल्या एका नाट्यगृहात जाणार होत्या, आणि वर्कशॉपमधल्या एकाला सोबत नेणार होत्या. ती जागा काकांची, हे सगळ्यांना मान्य होतं. काकांनी उन्हाची टोपी घेतली आणि "सवय व्हायला हवी" म्हणून जुलैपासूनच वर्कशॉपमध्ये घालायला लागले. आम्ही भरपूर चिडवलं. त्यांना ते चिडवणंही आवडत होतं, हे तुम्ही असतात तर तुमच्याही लक्षात आलं असतं.

जायच्या आधी एक काम होतं. ऑक्टोबरमधल्या प्रदर्शनासाठी त्याच नाट्यगृहाच्या आठ ओळी आणि समोरची रंगमंचाची कड खऱ्या मापात लाकडाच्या करायच्या होत्या. तिथल्या दगडी ओळीला दोन भाग असतात. पुढचा बसायचा, आणि त्यामागे जरासा खोलगट पट्टा, मागच्या ओळीतल्यांच्या पायांसाठी. काकांनी नकाशा काढून दिला. तो पट्टा मूळ मापापेक्षा रुंद आहे, हे मला फळी मशीनवर लावतानाच दिसलं. पण काकांना कसं विचारायचं? मोठ्या माणसाची चूक काढायची नाही, हे आपल्या अंगात मुरलेलं. माझ्या जागी जर्मन पोरगा असता तर त्याने तिथल्या तिथे विचारलं असतं. मी मुकाट्याने कापत राहिलो.

ऑगस्टच्या शेवटी बाई सर्वांत वरच्या ओळीत जाऊन बसल्या. इकडे वळल्या, तिकडे वळल्या.

"मला इथून रंगमंचाची कड दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टेप मागवली. प्रत्येक ओळ चार बोटं जास्त भरली. तेवढ्याने सगळा चढ बसका झाला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण फळ्या मी कापल्या होत्या.

"त्याचा दोष नाही," काका म्हणाले. "माप मी वाढवलं."

"का पण?"

"मागच्याचा पाय पुढच्याला लागतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा असला तरी माणूसच ना तो."

बाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "ते असेच खेटून बसायचे. म्हणून तर सगळ्यांना दिसायचं. तुमच्या चार बोटांनी शेवटच्या माणसाचं नाटक गेलं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका पुटपुटले.

ओळी पुन्हा करायला अख्खा सप्टेंबर लागणार होता. बाई काहीतरी मार्ग काढू म्हणत होत्या, पण काकांनी ऐकलं नाही. "चूक माझी. फळ्या मी बदलतो. तुर्कस्तानला हा जाईल."

दुपारी डबा खाताना मी सांगून टाकलं. "काका, मला कापतानाच दिसलं होतं. मी बोललो नाही."

त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. "मग बोलायचं ना रे."

एवढंच. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

काकांचं जाणं राहिलं ते राहिलंच. आधी गुडघे, मग हृदय, आणि गेल्या हिवाळ्यात काका गेले. माणसाची आयुष्यभराची एक इच्छा माझ्या भिडस्तपणामुळे राहिली, हे मला विसरता येत नाही.

त्या सप्टेंबरात, तुर्कस्तानात तिसऱ्या दिवशी मी सर्वांत वरच्या ओळीत बसलो होतो, तेव्हा त्यांचा फोन आला होता. मागे वर्कशॉपमधली करवत चालू होती.

"बसलास का?"

"बसलोय, काका."

"कड दिसते?"

"पूर्ण दिसते."

करवत बंद झाली. "फोन दगडावर ठेव. मला ऐकू दे."

खाली रंगमंचावर बाई साध्या आवाजात सहकाऱ्याला मापं सांगत होत्या. मी फोन शेजारी दगडावर ठेवला. बऱ्याच वेळाने कान फोनजवळ नेला. बाई जर्मनमध्ये एकेक आकडा सांगत होत्या, आणि त्यांच्या मागोमाग काका तो मराठीत म्हणत होते. एकही सुटत नव्हता.