पदकांचा रकाना

“पैसा नको. लिवून द्या.”

दुकानाच्या पायरीवर चपला काढता काढता ती हेच म्हणायची. राम राम नाही, कसे आहात नाही. जव्हारच्या कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. तिथं येणारा बहुतेक माणूस कसलं तरी अनुदान नाहीतर पगार मागायला आलेला असतो. हा टायपिंगवाला सवयीनं आपल्याही अर्जात पैसेच मागून बसेल, अशी तिला धास्ती. म्हणून आत येण्याआधीच बजावून ठेवायची.

तुमचं जव्हारला येणं-जाणं असेल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, बारीक चण, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली खताची प्लास्टिकची पिशवी. पिशवीत नवऱ्याचं लष्करातलं डिस्चार्ज बुक. वांगणीकडच्या एका पाड्यावरून यायची. वावर-वांगणी म्हटलं की बाहेरच्या लोकांना पेपरात आलेली, कुपोषणानं मेलेली पोरंच आठवतात. त्या बाजूचा एक गडी लढाईवर जाऊन पायात लोखंड घेऊन परत आला होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आम्ही कचेरीसमोरची मंडळी तिला ‘मिल्ट्रीवाली’ म्हणायचो. तिच्या तोंडावर मात्र बाय.

तिचं मागणं एवढंच होतं. नवऱ्याला दोन पदकं मिळाली होती आणि त्याच्या पुस्तकात पदकांचा रकाना कोरा होता. तो भरून हवा होता. नवरा मरून वर्ष झालं होतं.

“आता भरून काय करणार बाय?” मी पहिल्याच दिवशी विचारलं. माझी जीभ अशीच आहे, बायको रोज सांगते.

“तो लबाड नव्हता,” ती म्हणाली. “कागद त्याला लबाड म्हणतो.”

त्यावर मी पुस्तकात डोकं खुपसलं. का, ते पुढं सांगतो.

पदकांची भानगड अशी झाली होती. जखमी झाल्यावर त्याला इस्पितळातूनच घरी पाठवलं. पुस्तक तिथंच भरलं गेलं. पदकं जाहीर झाली मागाहून आणि टपालानं घरी आली. पुस्तकात लिहायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ह्या गड्याला तरी कुठं वाचता येत होतं? पदकं घरात आहेत म्हणजे झालं, असं त्याला वाटलं.

तर आम्ही अर्ज लिहायला बसलो. अर्ज तयार झाला की मी वाचून दाखवायचो आणि ती डोळे मिटून ऐकायची. मग म्हणायची, “आनिक एकदा. मोठ्यानं.” दुसऱ्यांदा वाचला की हात पुढं करायची आणि शिक्का शोधायची.

“शिक्का नाय?”

“अहो, अर्जावर आपला शिक्का नसतो. शिक्का त्यांचा असतो.”

“शिक्का नाय तं कागद उघडाच की!”

उघडा कागद घेऊन ती टपालात जाईना. शेवटी वैतागून मी माझ्या दुकानाचा गोल शिक्का मारला. ‘टंकलेखन, झेरॉक्स, लॅमिनेशन’. तिचं समाधान झालं. दोन महिन्यांनी लष्कराच्या अभिलेख कार्यालयाचं उत्तर आलं, त्यावर पत्ता होता, ‘प्रमुख, लॅमिनेशन’. कचेरीसमोरच्या चहावाल्यानं आठवडाभर मला प्रमुखसाहेब म्हणून छळलं. तिला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, “बघा. शिक्का होता म्हनून उत्तर आला.”

उत्तरात लिहिलं होतं, पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक कोरलेला असतो, तरी मूळ पदकं तपासणीसाठी पाठवावीत. मला हायसं वाटलं. म्हटलं, “चला बाय, काम झालं. पदकं आणा पुढच्या खेपेला.”

“येक नदीत हाय,” ती म्हणाली. “दुसरा देवात.”

मी डोक्याला हात लावला.

नदीतलं पदक नवऱ्यानं स्वतः भिरकावलं होतं. ते का, ते मला पुढं कळलं. दुसरं तिनं नवरा गेल्यावर सोनाराकडं नेलं आणि त्याचा टाक करून घेतला. गेलेला माणूस घरच्या देवांत बसवायचा, त्याची मूर्ती उमटवलेला पत्रा म्हणजे टाक. तो चांदीचा करतात. सोनार म्हणाला, ही चांदी नव्हे, घावही नीट घेत नाही, मी चांदीचा करून देतो. ही ऐकेना. चांदी काय कुणाचीही असते, हे त्याचं स्वतःचं आहे. चार दिवस ठोकून ठोकून सोनारानं त्यावर घोडेस्वार उमटवला. नवरा आयुष्यात घोड्यावर बसला नव्हता. पण वीर म्हटला की घोडा लागतोच.

आता बोला! ज्या एका वस्तूनं तो खरा ठरणार होता तीच हिनं हातोडीखाली दिली होती. मी चिडून बोललो तिला. नको इतकं बोललो. “फडताळात गंजला असता,” म्हणाली. “आता रोज दिवा दिसतो त्याला.”

मी अभिलेख कार्यालयाला फोन लावून दिला. तिकडच्या कारकुनाशी ती हिंदीत बोलली. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर घालवलेल्या वर्षांत शिकलेलं हिंदी. तो म्हणत होता, माताजी, मेडल भेज दीजिए. ही म्हणाली, “वो तो देव हो गया, साब. देव को डाक में कैसे डालूँ?” मग तो माणूस हळूच म्हणाला, “तो फोटो भेजिए.” कोण होता कुणास ठाऊक, भला माणूस होता.

पण फोटोसुद्धा लगेच कुठला? देव वर्षातून एकदाच, दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, धुवायला बाहेर काढतात. मधेच हलवायचे नाहीत. पाच महिने आम्ही वाघबारशीची वाट पाहिली. तेवढ्या काळात ती तीनदा आली, प्रत्येक वेळी पदरात काहीतरी बांधून. कधी रानभाजीची शेवळं, कधी मूठभर नागली. चहा मात्र घ्यायची नाही. “काम झाल्यावर पिऊ,” म्हणायची.

वाघबारशीला मी तिच्या पाड्यावर गेलो. तिनं टाक धुतला, पुसला आणि माझ्या तळहातावर पालथा ठेवला. मागच्या बाजूला, कडेला, सोनाराचा घाव जिथं नीट बसला नव्हता तिथं चार आकडे शिल्लक होते. डिस्चार्ज बुकातल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. मी एकामागून एक सहा फोटो काढले.

आता ते राहिलेलं सांगतो. पुढं ढकलत आलो, पण न सांगून भागणार नाही.

नवरा जिवंत असताना एकदा माझ्याकडं आला होता. तालुक्यातल्या माजी सैनिकांची यादी करायची होती, त्यासाठीचे फॉर्म मी भरून देत होतो. पदकांच्या रकान्यापाशी आलो, पुस्तक उघडलं, पुस्तकात काही नाही. त्यानं खिशातून दोन्ही पदकं काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, “ही काय मग?” मागं रांग लागली होती. मी म्हटलं, “बाबा, पुस्तकात नाही ते मला लिहिता येत नाही.” आणि रकान्यात लिहिलं, निरंक. निरंक म्हणजे काही नाही. कचेरीतला शब्द आहे, दिवसातून पन्नास वेळा लिहितो. कडेवरचा क्रमांक तेव्हा पाहिला असता तर? पदकं माझ्या हाताशी होती. उलटून बघायला किती वेळ लागला असता?

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला पाड्यावरच्या शाळेत त्याचा सत्कार ठेवला. तो दोन्ही पदकं छातीवर लावून उभा राहिला. पाहुण्यांनी यादीतून त्याची माहिती वाचली. नाव, पलटण, सेवा, आणि पदके निरंक. कुणीतरी म्हणालं, “बाजारातून आनली काय रं बाबा?” आणि माणसं हसली. परतताना त्यानं एक पदक काढून नदीत टाकलं. दुसरं टाकताना हिनं त्याचा हात धरला. त्यानंतर पाच वर्षं तो जगला, पण कुणाच्या लग्नाला की तेराव्याला गेला नाही. हे मला तिनं सांगितलं, तिसऱ्या की चौथ्या अर्जाच्या वेळी. यादी कुणी भरली होती ते ती बोलली नाही. मीही बोललो नाही. मी भित्रा माणूस आहे.

पुढच्या वर्षी, पौषात, पत्र आलं. सदर सैनिकास दोन पदके प्रदान झाल्याची अभिलेखात नोंद घेण्यात आली आहे, पूर्वी नोंद राहून गेल्याबद्दल कार्यालय दिलगीर आहे. खाली सही आणि गोल निळा शिक्का. मी दुकान बंद केलं, पत्राची एक झेरॉक्स काढून ठेवली आणि मोटरसायकल काढली.

पाडा रिकामा होता. दिवाळी झाली की माणसं भट्ट्यांवर जातात, ती उन्हाळा सरता सरता येतात. माझ्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं. बाय तेवढी घरात होती. मी पत्र वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि उठली.

“चला,” म्हणाली. “जे हासले त्यांना ऐकवू.”

“बाय, कुणी नाही इथं.”

“घरं तं हायत.”

ती पुढं, मी मागं. पहिल्या घरापाशी थांबली. कुडाची भिंत, दाराला कुलूप, अंगणात एक फुटकी घागर. “हा मोठ्यानं हासला,” म्हणाली. “वाचा.” मी वाचलं. पुढच्या घरापाशी, “ही पदर लावून हासली. वाचा.” मी वाचलं. चार घरं झाली. मिटल्या दारांसमोर उभा राहून मी सरकारी पत्र खड्या आवाजात वाचत होतो. ती प्रत्येक दारात वाचून होईपर्यंत ताठ उभी राहायची, जशी काय आतून कुणी ऐकतंय.

चौथ्या घरानंतर माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, “बाय, ते निरंक मी लिहिलं होतं.”

“मना ठावा हाय,” ती म्हणाली. “तो घरी येऊन बोलला होता. टायपिंगवाल्या भावानं नाय लिवला.”

“मग दर खेपेला माझ्याकडंच का आलात? दुकानं काय कमी आहेत?”

“ज्यानं लिवला त्यानंच पुसाया होवा,” म्हणाली. रागानं नाही. भांडं घासल्यावर विसळावं लागतं, असं सांगावं तसं. मग तिनं मला घरी नेलं, चुलीवर काळा चहा ठेवला, आणि आम्ही दोघांनी तो प्यायला. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. तिनं मात्र दोनदा विचारलं, गूळ कमी तं नाय ना?

चैत्रात ती गेली. साधा ताप आला होता म्हणतात. लेक खोडाळ्याला दिलेली, ती धावत आली, पण पाड्यावर खांद्याला चार माणसं मिळेनात. शेजारच्या पाड्यावरून आणावी लागली. माणसं भट्ट्यांवरून परतल्याशिवाय दिवस घालायचे नाहीत असं ठरलं. ती परतली, तसा लेकीचा मला निरोप आला.

मी झेरॉक्स घेऊन गेलो. बायच्या अंगणात सगळा पाडा बसला होता. जेवणं व्हायच्या आधी मी उभा राहून पत्र वाचलं. पहिल्या घरचा, तो मोठ्यानं हसलेला, आता पार वाकलाय. तो म्हणाला, “भाऊ, काकीला कळला का ह्या?” मी म्हटलं, “कळलं. पौषातच तुमच्या दारात येऊन वाचून गेलो आम्ही.” तो आपल्या घराकडं वळून बघत राहिला. मग म्हणाला, “आमी नव्हतो.”

“नव्हता,” मी म्हटलं.

त्या दिवशी पाड्यावरची सगळी दारं उघडी होती. लेक परत निघाली तेव्हा कुलूप तेवढं बायच्या दाराला लागलं.