कोठीच्या खोलीतला मॉनिटर

हलका लॅपटॉप घेणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं. आधी त्याला भोकं किती आहेत ते बघा, मग वजनाचं कौतुक करा. मी उलटं केलं आणि भोगलं.

दोन हजार दहा अजून उजाडायचं होतं. महाडला मी कॉमर्स शिकवायचो. पाठ दुखते म्हणून हौसेनं एक सडपातळ लॅपटॉप घेतला होता, एका हातात धरून एसटीत चढता येईल असा. त्याला सीडी घालायला जागाच नव्हती आणि बाहेरचा पडदा जोडायला एकच भोक. भाचीच्या लग्नात त्याला दोन पडदे जोडायची वेळ येईल, हे मला काय ठाऊक!

या सगळ्याच्या मुळाशी माझी ताई. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत तिला दिली होती. नवरा लवकर गेला. एकटीनं पोर वाढवली, शिकवली. आणि लग्न ठरल्यावर ही बाई म्हणते, अक्षता पडताना मी मांडवात उभी राहणार नाय! विधवा बाईनं त्या वेळी पुढं यायचं नाही, असा वाडीतला जुना रिवाज. पण आता कोण धरून बसतं? नवऱ्या मुलाच्या आईनं स्वतः घरी येऊन सांगितलं, "विहीणबाई, तुम्ही पुढंच उभ्या राहायचं." भाची रडली, भांडली, अबोला धरून बसली. मी हात जोडले.

"उद्या पोरीचं काय वाकडं झालं तर बोट माझ्याकडंच येनार," ताई म्हणाली. "मी कोठीत बसते. तुमी लावा लगीन."

"अगं, पण तुला बघायचं नाही का?"

"बघायचं कसं नाय रे? जल्मभर दुसरं काय बगायला थांबले मी?" तिनं डोळ्याला पदर लावला. पण नाय ते नायच. असा संताप आला मला! एक वेळ कशेडीचा घाट सरळ होईल, ताई व्हायची नाही.

मग मी म्हटलं, बरं बाई, तू मांडवात येऊ नकोस, मी मांडव तुझ्याकडे आणतो. लॅपटॉपच्या झाकणातच कॅमेरा होता. मांडवाकडे तोंड करून तो स्टुलावर ठेवायचा, माझ्या घरचा जुना मॉनिटर कार्यालयाच्या कोठीच्या खोलीत मांडायचा आणि खिडकीतून वायर न्यायची. एक भोक, एक पडदा. झालं.

पण एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! नवऱ्या मुलाचा भाऊ मुंबईहून आला आणि म्हणाला, "मामा, हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर नवरा-नवरीच्या लहानपणचे फोटो पायजेत. मुंबईत सगळे करतात. तुमच्याच लॅपटॉपवरून होईल, एकदम सिंपल." सिंपल म्हणणारा माणूस संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला परत गेला. मी नाहीच म्हणणार होतो, पण भाची हळूच म्हणाली, "मामा, त्यात बाबांचे फोटो आहेत. निदान तसे तरी ते लग्नात असतील." घेतलं अंगावर. कपाळ!

महाडच्या दुकानदारानं दोन फाट्यांची एक वायर दिली. ती लावली तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र. मी म्हटलं, "अहो, मला एकीकडे फोटो हवेत, दुसरीकडे मांडव." तो शांतपणे म्हणाला, "मग सर, दोन लॅपटॉप घ्या." उंटावरचा शहाणा!

शेवटी मुंबईहून एक डबी मागवली. ती लॅपटॉपच्या पेन ड्राइव्हच्या भोकात खुपसायची, म्हणजे आणखी एक पडदा जोडता येतो म्हणे. डबी आली. सोबत ती चालवायचं सॉफ्टवेअर आलं, सीडीवर! आणि माझ्या सडपातळ महाराजांना सीडी घालायला तोंडच नाही. मी ती सीडी हातात घेऊन नुसता बसून राहिलो. बायको म्हणाली, "बुजगावण्याला तरी बांधा ती, पाखरं येणार नाहीत." कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ती सीडी पेन ड्राइव्हमध्ये उतरवली, तर सॉफ्टवेअरबरोबर व्हायरसही घरी आला. दुष्काळात तेरावा महिना! सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा कुठं दोन्ही पडदे लागले. तरी खोड गेली नाहीच. मध्येच वायर निघाली किंवा पडदा बंद पडला की मांडव कुठल्या पडद्यावर जाईल आणि फोटो कुठल्या, हे त्या डबीच्या मर्जीवर. माझ्या तोंडून त्या दिवसांत जे शब्द गेले ते कॉमर्सच्या पुस्तकात नव्हते.

लग्न पोलादपूरला, हायवेजवळच्या कार्यालयात. कोठीच्या खोलीत आचाऱ्यानं माझ्या वायरीवर नारळाचं पोतं ठेवलं होतं, ते उचलायला लावलं. बाकी सगळं अगदी जागच्या जागी. हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टरचे फोटो, कोठीत मॉनिटरवर मांडव. ताई मॉनिटरसमोर पाट घेऊन बसली, मुठीत अक्षता धरून.

"या कशाला?" मी विचारलं.

"हितूनच टाकीन. काचंवर पडल्या तरी पोरीला लागतील."

अशी ही बाई! मी तसाच निघालो, कारण भाचीला मांडवात आणायची होती आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं होतं. मामाचं कामच ते.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लाईट गेले! भटजी थांबले नाहीत, त्यांना सवय होती. जनरेटर धडधडला, प्रोजेक्टर पुन्हा लागला. मी चादरीकडे बघितलं, तर माझंच टक्कल चकाकताना दिसलं. मांडव चादरीवर आला होता. म्हणजे फोटो गेले होते कोठीत! आता मी जागा सोडू शकत नव्हतो. नवऱ्या मुलाच्या भावाला डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, मान हलवली. त्यानं हसून अंगठा वर केला. त्याला वाटलं, मामा खूश आहेत.

मी मनात त्या डबीचा उद्धार करत होतो. एवढा जीव काढला तो काय याच्यासाठी? पोरीच्या लग्नाचा तो एवढासा क्षण, आणि तिची आई बंद खोलीत जुने फोटो बघत बसणार. भटजी शेवटच्या मंगलाष्टकाकडे निघाले होते. रडू यायचं तेवढं बाकी होतं मला.

इतक्यात कोठीचं दार धाडकन उघडलं.

"अरे, हितं बारसं लागलंय! लगीन कुटं गेलं रे?"

ताई! चुलीवरचं दूध उतू चाललेल्या बाईसारखी ती तरातरा आली, सरळ स्टुलापाशी गेली आणि लॅपटॉपमध्ये वाकून बघायला लागली. चादरीवर भिंतीएवढा तिचा चेहरा आला, कपाळाच्या आठ्यांसकट. भटजी मंगलाष्टकाच्या मध्येच थबकले. सगळा हॉल खदखदून हसला. ताईनं मान वर केली, स्वतःला बघितलं, "अगो बाय!" म्हणाली आणि पदर ओढून कोठीकडे पळायला वळली. वळली तर समोर मुंडावळ्या बांधलेली पोर.

"आई," भाची म्हणाली, "आता नको ना गं जाऊ."

ताईचा पाय उचलेना. तिनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा पोरीकडे. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "यांचं यंतर बिघाडलं म्हनून आले हां मी. नायतर नसते आले." आणि माझ्या पाठीमागं येऊन दडली. माझा सदरा तिनं मागून मुठीत धरला होता.

"गुरुजी, चालू द्या!" मी जवळजवळ ओरडलोच. भटजींनी घाईघाईनं शेवटचं मंगलाष्टक संपवलं. सावधान म्हणताच अंतरपाट निघाला, वाजंत्री सुरू झाली आणि ताईनं मागून अक्षता फेकल्या. त्या सगळ्याच्या सगळ्या माझ्या टकलावर. माझ्या डोळ्यांना धारा लागलेल्या, पुढचं काही दिसत नव्हतं, आणि मागून ती माझ्या पाठीत गुद्दे घालत होती, "वाक ना रे मेल्या जरा! पोर दिसत नाय मला!"